चाकावरचा माणूस

माझ्या शिवणयंत्राची मोटर जळाली तेव्हा वास आधी चंद्रमौलींना आला. ते मशीनच्या चाकापाशी स्टुलावर बसले होते, मी सुईपाशी. "राव, काहीतरी करपतंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "कुकर लावून विसरला असाल घरी." हे बोलायला नको होतं, कारण त्यांच्याही घरी कुकरकडे बघणारं दुसरं कुणी नाही. तेवढ्यात टेबलाखालून धूर निघाला आणि दोन म्हातारी माणसं "बटण, बटण" असं एकमेकांना ओरडत एकाच बटणावर तुटून पडली. बटण बंद झालं. मोटर त्याआधीच गेली होती.

मी मुकुंदराव. कुंभकोणमात रथाची तोंबै शिवणारे जे थोडे उरलेत त्यांतला एक. तोंबै म्हणजे उत्सवात देवाच्या रथाभोवती लोंबते ती कापडाची नळी. माणसापेक्षा उंच, जाड अस्तराची, वर लाल-पांढऱ्या-पिवळ्या कापडाची कमळं आणि मोर कापून टाचलेले. रथ निघाला, तोंबै झुलायला लागली की लोक हात जोडतात. देवाला जोडतात, शिवणाऱ्याला नव्हे. मी ते मनावर घेत नाही. म्हणजे थोडं घेतो.

तोंबैचं अंग शिवणं सोपं. अवघड तिचा गळा. तिथे आत वेताचं कडं बसतं, त्यावर कॅनव्हास, मग अस्तर, मग नक्षीचं कापड, आणि जिथे जोड येतो तिथे हे सगळं दुप्पट. आमची जुनी मोटर क्लचची. बटण दाबलं की ती गुरगुरत फिरतच राहणार, तुम्ही शिवा की शिवू नका. आणि पायडलला पाय लागला की उधळणार. सावकाश हा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता. गळ्यावर उधळली की सुई मोडली म्हणून समजा. म्हणून आमच्या घरची रीत अशी होती की गळा आला की पायडलवरचा पाय काढायचा, मी दोन्ही हातांनी कापड घट्ट धरायचं, आणि दुसऱ्या माणसानं उजव्या बाजूला बसून चाक हातानं फिरवायचं. एकेक टाका.

ते दुसरं माणूस म्हणजे भवानी, माझी बायको. मी म्हणायचो "फिरव", की ती फिरवायची. "थांब" म्हटलं की थांबायची. गळा पुरा झाला की मी म्हणायचो "पुरे", आणि ती उठून पदर झटकायची. बाकी सबंध दिवसात ती माझं एवढं ऐकत नसे, त्यामुळे मला गळा शिवायला फार आवडायचं.

गेल्या वर्षी आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, ती गेली. दुपारचं जेवण झालं, हात धुतले, भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

चंद्रमौली आमचे शेजारी. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत जन्मभर साड्यांना चिठ्ठ्या लावून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली. तमिळ माणूस, आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये. भवानीचं तेरावं झाल्यावर एक दिवस मी एका हातात कापड आणि दुसऱ्या हातात चाक अशी कसरत करत होतो. सुई मोडली. मी अशी शिवी हासडली की ते भिंतीपलीकडून उठून आले आणि न विचारता तिच्या स्टुलावर बसले. वयाचा मान राखून मी म्हटलं, "फिरवा." ते नुसतेच बघत राहिले. मग म्हणाले, "असं नाही, राव. तुम्ही 'फिरव' म्हणता." इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आमच्या तंजावरी मराठीतले तेवढे तीन शब्द त्यांना पाठ झाले होते. फिरव, थांब, पुरे.

तेव्हापासून दुपारची कॉफी झाली की ते यायचे. मी दिवसभरात घरात आमची भाषा बोलायचो ती एवढीच, तीन शब्द. बाहेर सगळं तमिळ, आणि आत बोलायला कोण होतं?

चाक फिरवण्यात मात्र ते अगदी भिकार. चाक आपल्या अंगाकडे फिरवायचं असतं. सोसायटीतली एखादी जुनी भानगड सांगायला लागले की बोलण्याच्या भरात ते उलट फिरवायचे, आणि खाली दोऱ्याचं घरटं व्हायचं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं वर म्हणायचे, "हे स्टूलच बुटकं आहे." मी ओरडायचो. ते दुखावले जाऊन म्हणायचे, "उद्यापासून येत नाही." दुसऱ्या दिवशी यायचे.

मोटर जळाल्याचं मी चैत्राला, माझ्या लेकीला, फोनवर सांगितलं. ती कोयंबतूरला असते. माझ्या तोंडून एखादी तक्रार कधी निघते याची ती वाटच बघत होती.

"अप्पा, अता पुरे करा. तिकडे एकटे काय करितां तुम्ही? मशीन विका आन् हिकडे या."

"पट्टीश्वरमच्या रथाचं काम घेतलं अहे ग."

"आन् ते कसं करणार? दुसरं माणूस लागतं म्हणतां तुम्हीच. अम्मा नाही. शेजारच्या मामांना धरून किती दिवस चालवणार? त्यांचंच कोण बघेल तें कळत नाही!"

"मग काय करूं म्हणतेस?"

"एकट्यानं चालवतां येईल अशी मोटर मिळत असली तर घ्या. मी मागे लागणार नाही. नाही मिळाली तर हा उत्सव शेवटचा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन तुम्हांला. सरि?"

"सरि," मी म्हटलं.

मला कोयंबतूर नको होतं. तिच्या घरी सगळे प्रेमाचे आहेत, जावई तर फारच. पण तिथे मी सकाळपासून बाल्कनीत बसतो आणि समोरच्या बाल्कनीतला माझ्याच वयाचा माणूस माझ्याकडे बघत बसतो. मला या घरात, या मशीनवर मरायचं होतं. ते आता एका मोटरीवर येऊन ठेपलं होतं.

महामहम तलावाच्या अलीकडे सुंदरेशचं शिवणयंत्रांचं दुकान आहे. मी तोंबैचा एक गळा अर्धा शिवायचा ठेवून पिशवीत घातला आणि निघालो. चंद्रमौली म्हणाले, "मीही येतो, गळा धरायला कुणी नको का?" गळा काही तान्हं मूल नव्हता, पण ते आले. टाऊन बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले.

सुंदरेशनं आधी मला जुन्यासारखीच क्लचची मोटर दाखवली. "सवयीची आहे, घेऊन जा."

"सवयीचीच जळाली," मी म्हटलं. "हळू चालणारी दाखव."

मग त्यानं एक सर्व्हो मोटर लावलेली मशीन दाखवली. मोटर लहानशी, डब्याएवढी, वेग कमीजास्त करायला तिला एक खुंटी. त्यानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मला वाटलं वीज गेली. "पायडल दाबा, ऐया," तो म्हणाला. पाय लावला तेव्हा कुठे ती फिरली, आणि पाय काढला की गप्प. इतकी गप्प की शेजारच्या दुकानातला माणूस फोनवर काय बोलतोय ते ऐकू आलं. सपाट कापडावर तिनं छान टाके घातले. मग मी पिशवीतला गळा काढून सुईखाली सरकवला आणि वेग अगदी कमी केला. जोडाशी आल्यावर ती "ऊं" म्हणून थांबली. सुई अर्धी आत, अर्धी बाहेर.

"वेग थोडा वाढवा," सुंदरेश म्हणाला.

"वेग वाढवूनच शिवायचं असतं तर जुनी काय वाईट होती?"

त्यानं थोरली मोटर लावली. तीही जोडावर दोन टाके घालून कुंथली. सुंदरेश कंपनीचं पत्रक वाचायला लागला. पत्रकात तिच्याइतकी ताकदवान मोटर त्रिभुवनात नव्हती. मी म्हटलं, "अरे, हिला हळू फिरायला लावलं की हिचा जोर जातो. हिला जोरात फिरू दे. चाक हळू फिरलं पाहिजे. मोटरीला लहान पुली लाव, आणि मध्ये एक मोठी पुली घाल. सायकलवर चढ चढताना गिअर बदलतात तसं."

मधल्या मोठ्या पुलीची जोडणी त्याच्याकडे होती, पण तिला लागेल एवढा पट्टा नव्हता. तो मागवावा लागला. पट्टा आला तेव्हा आम्ही दोघं पुन्हा बसनं गेलो, पुन्हा पिशवी त्यांच्या मांडीवर. या वेळी मी गळा सुईखाली घातला, पायडलला नुसता अंगठा टेकवला, आणि मोटरीनं जोडातून एक टाका घातला. एकच. मग सुई कापडात खाली ठेवून थांबली. पुन्हा अंगठा, पुन्हा एक टाका. वेत, कॅनव्हास, अस्तर, सगळं दुप्पट, आणि कुठे हूं नाही की चूं नाही. खरं सांगतो, भवानीसुद्धा इतकी नेमकी थांबत नसे.

मला काय आनंद झाला! सुटलो, असं वाटलं. कोयंबतूरची बाल्कनी डोळ्यांसमोरून पुसली गेली.

चंद्रमौली वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता चाकाला माणूस लागणार नाही?"

"अजिबात नाही, सार," सुंदरेश म्हणाला. "एकटा माणूस सगळं करतो."

"फार छान," चंद्रमौली म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते काही बोलले नाहीत. मी बोलत होतो ना, मला ते कसं कळणार? दारासुरमला कुणाचे यंत्रमाग कसे बसवले इथपासून माझ्या बापाच्या पायमशीनपर्यंत सगळं मी त्यांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सुंदरेश मोटर बसवायला आला. मधल्या पुलीची जोडणी टेबलाखाली उजव्या बाजूला आली, अगदी स्टूल होतं तिथे. "हे कुठे ठेवू?" त्यानं विचारलं. मी पट्टा ताणून बघण्यात गुंतलो होतो. "ठेव कुठेही," मी म्हटलं. त्यानं ते ओसरीवर नेऊन ठेवलं.

दुपारी चंद्रमौली आले. चाकाच्या बाजूला गेले, तिथे बसायला काही नाही असं बघून परत फिरले आणि भिंतीशी चटईवर टेकले. मी त्यांना एक पुरा गळा शिवून दाखवला. मध्ये एक अक्षर बोलावं लागलं नाही. पूर्वी मोटर गुरगुरायची तेव्हा तिच्यावर आवाज चढवून आम्ही काय काय बोलायचो. आता घरात इतकं शांत झालं होतं की बोलायला काही कारण सापडेना. "छान, फार छान," ते म्हणाले. थोड्या वेळानं उठले, चपला घातल्या आणि गेले.

पुढचा दिवस ते आले नाहीत. मला वाटलं, रेशनला गेले असतील. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. मी म्हटलं, बरंच झालं, काम पुढे सरकतंय. सरकतही होतं. दोऱ्याचा गुंता नाही, सुई मोडत नाही, कुणावर ओरडायला नको. इतकं काम मी भवानी असतानाही उरकलं नव्हतं. चैत्राला सांगितलं, मोटर झकास आहे. ती म्हणाली, "मग बरं झालं, अप्पा. अता कुणाची गरज नाही तुम्हांला."

"नाही," मी म्हटलं.

एका दुपारी जोड आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फिरव." कुणाला म्हटलं? घरात कुणी नव्हतं. माझ्याच पायानं पायडल दाबलं, टाका पडला. मी म्हटलं, "थांब." माझाच पाय उचलला गेला. असा सबंध गळा मी शिवला, स्वतःच हुकूम सोडत आणि स्वतःच पाळत. शेवटी "पुरे" म्हटलं, आणि पदर झटकून उठणारं कुणी नव्हतं, की स्टुलाला नावं ठेवणारं. मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. भवानी गेली तेव्हाही असं वाटलं नव्हतं. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि माणसं पांगली तोच हे गृहस्थ येऊन तिच्या जागी बसले होते. मी त्यांना काय दिलं? गरज सरो, वैद्य मरो.

पण उठून शेजारी जायचं कसं? इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे उगाच म्हणून कधी गेलो नव्हतो, ते माझ्याकडे आले नव्हते. आमच्यात काम असायचं. कामाशिवाय दार वाजवून म्हणायचं काय? मग मी एक थाप जुळवली. म्हणायचं, मोटर गळ्यावर अडकते, चाकाला माणूस लागतंच. आणि चप्पल घालून निघालो.

त्यांचं दार उघडंच होतं. ते जमिनीवर बसले होते आणि समोर एक मोठी खाकी पिशवी होती. धोतरं, शर्ट, औषधांचा डबा, बायकोचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"या राव," ते म्हणाले. "मुलगा उद्या येतोय. चेन्नईला घेऊन जातोय."

"किती दिवस?"

"किती दिवस म्हणजे? कायमचं." ते शर्टाची घडी घालायला लागले. "बायको गेल्यापासून मागे लागलाय. मीच दाद देत नव्हतो. त्याला सांगायचो, रावांच्या चाकाला माणूस नाही, मी आलो तर काम अडेल. देवाच्या रथाचं काम आहे. देव म्हटलं की तो गप्प बसायचा." ते हसले. "परवा त्यानं फोनवर विचारलं, रावांची नवी मोटर कशी आहे? मी काय सांगणार? म्हटलं, फार छान आहे."

माझी थाप माझ्या तोंडात तयारच होती. "ती छानबीन काही नाही," मी म्हटलं. "जोडावर अडकते. चाकाला माणूस हवंच."

"राव, मी बघितलंय. अडकत नाही ती."

मी खाली बसलो. गुडघे वाजले. मग जे कधी कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "बरं, नाही अडकत. काम काही नाही. तरी जाऊ नका. मला घर खायला उठतं."

त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. 

"दुकानात मी विचारलं होतं," ते म्हणाले. "आता चाकाला माणूस लागणार नाही का, म्हणून."

"हो. सुंदरेश म्हणाला..."

"ते मी सुंदरेशला विचारलं नव्हतं, राव."

 बाहेर रस्त्यावरून फुलं विकणारी ओरडत गेली. मी म्हटलं, मुलाला फोन करा, सांगा अजून महिनाभर नाही. ते म्हणाले, त्यानं रजा घेतलीय, तिकिटं काढलीत, सूनबाईंनी खोली रिकामी केलीय; आता नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

"एक काम आहे," ते म्हणाले आणि पिशवी माझ्याकडे ढकलली. तिचा खांद्याचा बंद एका बाजूनं उसवला होता. "हा बंद शिवून द्याल? जाड आहे. बाहेर कुणी शिवत नाही."

आम्ही माझ्या घरी आलो. ते चटईकडे वळले. मी म्हटलं, "तिथे नको," आणि ओसरीवरचं स्टूल आणून चाकाच्या बाजूला ठेवलं. खाली पुलीची जोडणी होती, पाय आत जाईनात, म्हणून ते गुडघे बाहेर काढून तिरके बसले. मी बंद दुमडून सुईखाली घातला. त्यांनी सवयीनं मोटरीच्या बटणाकडे बोट केलं.

"राहू दे," मी म्हटलं. खाली वाकून चाकावरचा पट्टा उतरवला. चाक मोकळं झालं. मग टाक्याची खुंटी फिरवून सगळ्यात बारीक टाक्यावर आणली. तेवढा बंद दहा मोठ्या टाक्यांत झाला असता.

"एवढे बारीक?" त्यांनी विचारलं.

"ओझं पडणार आहे. टिकायला नको?"

त्यांनी चाकावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"फिरव," मी म्हटलं.

त्यांनी चाक उलट फिरवलं. दोरा अडकला. मी ओरडलो नाही; दोरा सोडवला, पुन्हा ओवला, आणि पुन्हा म्हटलं, "फिरव." या वेळी ते बरोबर फिरवायला लागले. सोसायटीतली एक गोष्ट सुरू केली, कुणा मॅनेजरनं लग्नाच्या साडीला चुकीची चिठ्ठी लावली त्याची. ती मी किती वेळा ऐकली असेल याला गणती नाही. मी हसायच्या जागी हसलो. टाका पडत होता, कापड केसाएवढं पुढे सरकत होतं, त्यांचा हात वर जात होता आणि खाली येत होता.

गोष्ट संपली. बंदही संपला. सुई कापडाच्या कडेवरून उतरली आणि रिकाम्या जागेत खालीवर व्हायला लागली. आता मी "पुरे" म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, आणि ते चाक फिरवत राहिले.